इंजिनावरची पेटी

आमच्या बोटीवर इंजिन बसलं त्या दिवशी गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि पुढची दोन वर्षं सगळ्यात जास्त पस्तावलोही मीच. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात सुरू होतं त्या काळातली ही गोष्ट. आमचं गाव तिथून दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. सगळी वस्ती मासेमारी करणाऱ्यांची. मी तेव्हा बावीस वर्षांचा असेन. सरकारी वर्गात राहून बोटीचं इंजिन चालवायला शिकून आलो होतो, आणि नुकतंच काही शिकून आलेल्या माणसाला असतं तितकं शहाणपण माझ्या अंगात ओसंडून वाहत होतं. शिडाच्या बोटी आता मोडीत निघणार, वाऱ्याची वाट बघत बसायचे दिवस संपले, असं मी जिथे कोणी ऐकून घेईल तिथे सांगत सुटलो होतो.

गावातल्या जुन्या तांडेलांना इंजिन नको होतं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं, कधी माघारी फिरायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर. त्यांचं म्हणणं, या धडधडीने मासळी पळून जाईल. माझे वडील त्या सगळ्यांत जुने आणि मानाचे तांडेल. तेच आधी नाही म्हणणार अशी माझी खात्री होती. आठवडाभर मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होतो, त्यांच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर तयार ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी पहिलं वाक्य पुरं करायच्या आत ते म्हणाले, आण. एवढंच. माझी सगळी उत्तरं फुकट गेली. वाटलं, आपल्या शिक्षणावर बापाचा केवढा विश्वास! छाती फुगवून मी आईला सांगायला गेलो.

वडिलांचा मान होता तो त्यांच्या कानामुळे. हे जरा समजावून सांगायला हवं. घोळ ही आमच्या दर्यातली मोठी, मोलाची मासळी. ती थव्याने फिरते आणि थव्यात असली की बोलते. खरंच बोलते. तिच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला आम्ही भोत म्हणतो. ते थरथरवून ती करकर असा आवाज काढते. जुने तांडेल हा आवाज ऐकून जाळं टाकत. वल्ह्याचं पातं पाण्यात खोल सोडायचं, दांड्याचं वरचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि डोळे मिटून गप्प राहायचं. पाण्यातला आवाज लाकडातून वर चढतो. बाकीच्यांना त्यातून घोळ आहे की नाही इतपत कळे. माझे वडील थवा कुठल्या अंगाला आहे, किती लांब आहे, तळाशी आहे की वर, हे सांगत आणि ते बरोबर निघे. वल्ह्याला कान लावायचा हक्कही तांडेलाचाच. खलाशाने गमतीने जरी वल्हं कानाशी नेलं तरी तो तांडेलाचा अपमान मानत.

आता आमचं इंजिन. एका सिलिंडरचं, जाड लोखंडाचं, हँडल मारून सुरू करायचं. चालू झालं की बोटीच्या फळीन् फळीत त्याचा धडाका घुमायचा. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागे. संध्याकाळी किनाऱ्यावर उतरलं तरी तासभर कानांत तेच चालू. आधी मला त्या आवाजाचा अभिमान होता, हे कबूल करतो.

पहिल्याच महिन्यात एकदा दर्यात इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरू होईना. ओहोटीचं पाणी आम्हाला खडकांकडे ओढत होतं. मी आणि एक खलाशी आळीपाळीने हँडल मारत होतो, हातांना फोड आले. शेवटी एकदाचं लागलं. त्या दिवशी वडिलांनी हुकूम काढला की किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन बंद करायचं नाही, काहीही झालं तरी. चूक माझी होती, डिझेलच्या नळीत मी हवा राहू दिली होती, त्यामुळे मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण या हुकुमाचा अर्थ असा की घोळ ऐकायची सोय गेली. वडील रिवाज म्हणून वल्हं पाण्यात सोडत, कान लावत आणि मग माझ्याकडे बोट दाखवून मान हलवत. या धडधडीत काय ऐकू येणार? मग पाण्याचा रंग बघून, पाखरं बघून, अंदाजाने जाळं टाकायचं. दोन हंगाम असे गेले. शिडाच्या बोटींना घोळ लागे आणि इंजिनवाले आम्ही बोंबील-मांदेलीवर समाधान मानून परत येत असू.

दुसऱ्या वर्षी आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आई जेवायला हाक मारी तेव्हा वडील ओ देत नसत. पाठीमागून कोणी बोललं तर त्यांना कळत नसे. समोरचा बोलू लागला की ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. मी पालघरच्या डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं तर असे उसळले की पुन्हा विषय काढायची माझी छाती झाली नाही. एका सकाळी आईने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगून टाकलं की तुझ्या त्या इंजिनाने यांचे कान खाल्ले.

त्या वाक्याने माझं अन्नपाणी तुटलं. हे माझ्या मनात आधीच होतं, फक्त कोणी उच्चारलं नव्हतं. इंजिन आणायचा हट्ट माझा. ते चालवणारा मी. बापाच्या मानाची एकुलती एक गोष्ट मीच रोज हँडल मारून मारून मोडत होतो. आणि प्रश्न नुसता कानाचाही नव्हता. आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर खलाशी तांडेलाच्या ओट्यावर येऊन सुपारी घेतात. सुपारी घेतली की तो हंगामभर त्या बोटीचा. त्या वर्षी पावसाळ्यातच माझे मामा घरी आले. ते आमच्या बोटीवरचे सगळ्यात जुने खलाशी. वडिलांना न सांगता मला बाजूला घेऊन ते म्हणाले की पोरं या साली सुपारी घेतील, माझ्या शब्दाखातर घेतील, पण याही वेळी घोळ लागली नाही तर पुढच्या साली कोणी येणार नाही. ज्याच्या ओट्यावर सुपारी घ्यायला कोणी येत नाही तो तांडेल राहत नाही. किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधतो. मी असे दोन म्हातारे पाहिले होते. वडिलांना त्यांच्या शेजारी बसलेलं मी डोळ्यांसमोर आणू शकत नव्हतो, आणि तेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

इंजिन बंद करता येत नाही, तर निदान त्याचं तोंड बंद करता येईल का, हे माझ्या डोक्यात आलं ते बोईसरला. मी एका नळीच्या कामासाठी गेलो होतो. बांधकामाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं हपिस होतं, आणि त्याच्या मागे एक लाकडी कपाटासारखं खोकं गुरगुरत होतं. आत हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. असं यंत्र उघड्यावर चालतं तेव्हा दोन शेतं ओलांडूनही ऐकू येतं हे मला ठाऊक होतं. मी तिथेच थबकलो. यंत्र सांभाळणारा माणूस विदर्भातला होता, बोलण्यात निम्मं हिंदी. आत बसणाऱ्या साहेबाचं डोकं उठायचं म्हणून त्याने ते खोकं स्वतःच केलं होतं, आणि त्याचं कौतुक करणारा मी बहुतेक पहिलाच भेटलो असेन. चहा पाजून त्याने मला सगळं समजावलं. भिंत दुहेरी पाहिजे आणि दोन फळ्यांच्या मध्ये काहीतरी भुसभुशीत ठासलेलं पाहिजे. खोक्याने यंत्राला कुठेही शिवता कामा नये. झाकणाच्या कडेला बोटभरही फट नको. आणि शेवटी तो म्हणाला, "पण त्याला श्वास घेऊ दे, भाई. नाही तर आतल्या आत मरून जाईल."

बांधकामावर यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या बोईसरला मिळत. त्या मी आणल्या. सफाळ्याच्या भातगिरणीतून तुसाची पोती आणली; गाडीच्या डब्यात ती पोती बघून लोकांनी माझी बरीच थट्टा केली. गोणपाट, काथ्या घरचाच. ट्रकच्या टायरचे तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूब असं मिळेल ते गोळा केलं. बोटी पावसाळ्यात ओढून वर घेतलेल्या असतात, आमचीही होती, माडाच्या झापांनी शाकारलेली. त्या झापांखाली बसून मी महिनाभर काम केलं. वरून पाऊस, आत डिझेलचा आणि ओल्या काथ्याचा वास.

पहिली पेटी आठ दिवसांत उभी राहिली. इंजिन गार ठेवायला लागणाऱ्या पाण्याची डब्यातून सोय करून मी ते सुरू केलं आणि झाकण लावलं. आवाज कमी व्हायच्या ऐवजी अख्खी बोट जात्यासारखी घरघरू लागली. पेटी मी सरळ बोटीच्या वाशांवर ठोकली होती, त्यामुळे इंजिनाचा हादरा पेटीत, पेटीचा बोटीत. बघायला आलेली पोरं खदखदून हसली. मी पेटी उखडली, खाली टायरचे तुकडे घातले. इंजिनाच्या पायांखालीही पातळ तुकडे सारले आणि बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा पुन्हा सरळ रेषेत आणण्यात चार दिवस घालवले. दांडा केसभर वाकडा राहिला तर भर दर्यात मोडेल, या धास्तीने मी तो दहादा मोजला असेन. स्वप्नातही मोजत होतो.

दुसऱ्या वेळी आवाज खरंच दबला. मी खुशीत येऊन आईला बोलवायला धावणार, तेवढ्यात धुराच्या नळातून काळाकुट्ट धूर येऊ लागला आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. झाकण उघडलं तर आतून तापलेल्या लोखंडाची वाफ तोंडावर आली. तूस थोडा करपला होता. माझ्या पाचावर धारण बसली. हेच दर्यात झालं असतं तर? तुसाने पेट घेतला असता, शेजारी डिझेलची टाकी, वर सात माणसं. त्या रात्री मी पेटी फोडून चुलीत घालायचं ठरवलं होतं. सकाळी उठून पुन्हा बोईसरला गेलो. विदर्भवाल्याने मला चांगलंच झापलं आणि हवा आत घ्यायला वाकड्यातिकड्या वाटेचा लाकडी नळ कसा करायचा ते मातीत काढून दाखवलं. हवा वळणं घेत आत जाते, आवाजाला मात्र प्रत्येक वळणावर गोणपाट आडवं येतं. तसे दोन नळ केले, एक हवा आत यायला, एक बाहेर जायला. तुसाच्या आत इंजिनाच्या बाजूने पत्रा लावला. झाकणाच्या कडेला ट्यूबचं रबर खिळवलं.

या सगळ्या दिवसांत वडील रोज एकदा बोटीपाशी येत. झापाखाली वाकून बघत. मदत करत नसत, बसतही नसत. होतंय का, विचारत. नाही अजून, म्हटलं की मान हलवून जात. तूस करपला त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा समजुतीच्या सुरात सांगितलं की सोड हा नाद, कशाला एवढा खटाटोप, आहे ते बरं चाललंय. बरं चाललंय! मला भरून आलं. पोराला अपराधी वाटू नये म्हणून हा माणूस आपलं दुःख गिळतोय, असं मी समजलो आणि दुप्पट जोराने कामाला लागलो. आज त्या समजुतीची मला लाज वाटते. माणूस तोंडावर सांगत होता, आणि मी त्याचा मोठेपणा बघत बसलो होतो.

बोट पाण्यात लोटल्यावर खाडीत चाचणी घेतली. गावातले निम्मे लोक धक्क्यावर उभे होते. मी हँडल मारलं, नेहमीचा धडाका उठला, पोरांनी कानांवर हात घेतले. मग मी झाकण बसवलं, चारी कोपऱ्यांचे खटके ओढले. आवाज कुठल्या कुठे गेला. पोत्यात घातलेल्या कोंबड्यासारखं आत काहीतरी कुरकुरत होतं, बस. धक्क्यावरून कोणीतरी इंजिन बंद पडलं म्हणून ओरडलं, आणि मी पंख्याचा दांडा जोडून बोट पुढे काढून दाखवली. आईने तिथल्या तिथे पदराने डोळे पुसले. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वडील म्हणाले, चांगलं झालं. मग उतरून जाळ्यांकडे निघून गेले. मला वाटलं, जास्त बोलायचा त्यांचा स्वभावच नाही.

नारळी पौर्णिमा झाली, खलाशांनी सुपाऱ्या घेतल्या, बोटी दर्यात गेल्या. सुरुवातीचे दिवस पाणी गढूळ आणि उसळलेलं होतं, घोळ ऐकायची वेळ नव्हती. मी मात्र रोज झाकणावर तळहात ठेवून बसे. किती तापलं, किती तापलं, हाच जप. जेवण हातात घेऊन पेटीजवळ बसायचं आणि नाकाने करपल्याचा वास शोधायचा. पेटीने दगा दिला नाही.

मग एका दिवशी दुपार उतरताना पाणी थांबलं. भरती संपली होती, ओहोटी लागायची होती. दर्या तेलासारखा सपाट. घोळीसाठी याहून चांगली वेळ नसते, हे बोटीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. वडिलांनी सुकाणू मामांच्या हाती दिलं आणि ते नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, गेले. मी पंख्याचा दांडा सोडवला आणि इंजिन अगदी हळू केलं. पेटीतून नावापुरती कुरकुर येत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा बोटीवर पाण्याचा चुबुकचुबुक आवाज ऐकू आला. एक खलाशी खोकला तर बाकीच्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं.

वडिलांनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं. दांडा कानामागे टेकवला. डोळे मिटले. माझं काळीज इतकं धडधडत होतं की पेटी करून काही उपयोग नाही, असं एक क्षण वाटून गेलं.

आणि मला ऐकू आली. वल्हं नाही, काही नाही, मी ज्या फळीवर अनवाणी बसलो होतो त्या फळीतून आधी पायांना कळलं आणि मग कानांना. करर्र, करर्र. थांबून पुन्हा. मग एकदम पुष्कळ, एकमेकींत मिसळलेल्या. उजव्या अंगाला, लांब नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा मी घोळ ऐकत होतो. मी समोर बघितलं. चारही खलाशी उजवीकडे वळले होते. सगळ्यात धाकटा तर हसत होता. सुकाणूवर बसलेल्या मामांनीही मान तिकडे फिरवली होती.

वडील डोळे मिटून तसेच उभे होते. कितीतरी वेळ. दांडा त्यांनी एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. आवाज इतका वाढला होता की वल्ह्याची गरजच उरली नव्हती. मग त्यांनी डोळे उघडले, वल्हं वर घेतलं आणि म्हणाले, "नाय. हितं कायच नाय. पुढं चला."

घोळ बोलत होती आणि सहा माणसं ती ऐकत गप्प बसली होती. वडिलांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. धाकट्या खलाशाचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ते त्यांनी बघितलं, तो कुठल्या दिशेला वळलाय ते बघितलं, आणि त्यांना कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. इंजिन चालू असल्यामुळे घोळ त्यांना ऐकू येत नाही, असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो. इंजिन आता गप्प होतं.

ते वल्हं तिथेच ठेवून मागे, माझ्याकडे आले. खलाशांच्या मधून येताना त्यांनी आधारालाही कोणाला हात लावला नाही. पेटीशेजारी माझ्या बाजूला बसले. माझ्या कानाजवळ तोंड आणून ते बोलू लागले. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला तो केवढा आहे हे कळत नाही. ते चांगले खणखणीत बोलत होते, आणि माझ्या पेटीमुळे त्यांचा शब्द न् शब्द बोटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होता.

"तुला आयकू आली ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खोटं नको बोलू. तुज्या इंजिनानं कायच नाय केलं. मला आदीपासून येत नाय. शिडाची बोट होती तवाच गेलं. येक साल अंदाजानं काढलं, कसं काढलं माजं मला ठावं. मग तू इंजिन आणतो म्हणलास. मला बरं वाटलं. तेच्या आवाजात समदेच बहिरे. मला कोण इचारणार?"

दोन वर्षं मी ज्या ओझ्याखाली वाकलो होतो ते त्यांनी एका वाक्यात उतरवलं होतं. पण सुटल्यासारखं मला क्षणभरही वाटलं नाही. पहिल्या वाक्याला दिलेला तो होकार, इंजिन बंद न करायचा तो हुकूम, सोड हा नाद म्हणून झापाखाली येऊन सांगणं, सगळ्याचा अर्थ मला एकदम लागला. या माणसाने लपायला एक जागा शोधली होती. ती मी महिनाभर खपून, फळी फळी जोडून, गावाला दाखवून बुजवली होती.

खलाशी पाठमोरे होते. चौघांच्याही पाठी ताठ झाल्या होत्या. मामा सुकाणूच्या दांड्याकडे खाली बघत होते. वडिलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते बोलतच होते, तितक्याच मोठ्याने, तितक्याच विश्वासाने. आता ते आईबद्दल काहीतरी सांगू लागले होते, तिला यातलं कळू देऊ नको असं काहीतरी. हे खलाशांनी ऐकणं मला सहन होईना. मी हात लांब केला, पेटीचे चारी खटके सोडले आणि झाकण उचलून बाजूला टाकलं. मग इंजिनाला डिझेल वाढवलं.

धडाका उठला. बोट थरथरली. घोळ गेली, पाणी गेलं, वडिलांचा आवाजही गेला. खलाशांच्या पाठी सैल पडल्या. मामांनी सुकाणू उजवीकडे वळवलं, थोडं पुढे गेल्यावर उठून उभे राहिले आणि वडिलांकडे बघून नुसती भुवई उंचावली, जाळं इथे टाकायचं का, असं तांडेलाला विचारावं तशी. वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात वर करून खाली आणला. जाळं पाण्यात गेलं. त्या दिवशी घोळ लागली, त्या हंगामात पुष्कळदा लागली. पेटी तापते, धोका आहे, असं मी गावात सांगितलं आणि ती मोडून टाकली; इंजिनाच्या पायांखालचे रबराचे तुकडे तेवढे राहू दिले, त्यामुळे फळ्या आता पूर्वीइतक्या थरथरत नसत. कुठे वळायचं ते मामा इंजिन हळू करायला लावून, पायांनी ओळखून ठरवत आणि विचारत मात्र वडिलांना. वडील आणखी चार वर्षं तांडेल राहिले. त्यांच्या ओट्यावरची एकही सुपारी कमी झाली नाही, आणि त्या दिवशी ऐकलेलं बोटीवरच्या एकानेही कधी तोंडातून काढलं नाही.

पण त्या दिवशी झाकण काढल्यावरही वडील बोलायचे थांबले नव्हते. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या डोळ्यांत बघत ते बराच वेळ बोलले. मध्ये एकदा त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, एकदा ते हसले. आयुष्यात माझ्याशी ते इतकं कधीच बोलले नव्हते. मी मान हलवत राहिलो. त्यातलं एक अक्षरही मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस मला ते असेपर्यंत झालं नाही.